प्रजासत्ताक दिन लेकरांसोबत : रंग घरचा, खाऊही घरचा

जानेवारीचा तिसरा आठवडा लागला की वस्तीच्या नाक्यावर तिरंगी माल दिसू लागतो. प्लॅस्टिकचे झेंडे, मनगटी पट्टे, गालाला फासायचे रंग, फुगे, आणि त्याच रंगांत बुडवलेली बर्फी, जेली, बुढ्ढी के बाल. वस्तू पाच-दहा रुपयांची असते, लेकरू हट्ट धरते, आपण घेऊन देतो. संध्याकाळपर्यंत त्यातले निम्मे गटारात गेलेले असते आणि निम्मे लेकराच्या पोटात. या वेळी आरोग्याच्या पानावर आम्हाला एवढेच सांगायचे आहे, की हे तिन्ही रंग आपल्या स्वयंपाकघरात आहेत. ते स्वस्त आहेत, मुलांच्या हातून होण्यासारखे आहेत, आणि त्यातले केशरी व हिरवा हे दोन मुलांच्या अंगाला रोजच लागतात.

हा दिवस आपल्या घरांत का साजरा व्हावा, हे कोणी वेगळे सांगायला नको. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेले संविधान २६ जानेवारी १९५० पासून लागू झाले. विहारात उद्देशिकेचे वाचन होते, शाळेत झेंडा फडकतो, प्रभातफेरी निघते. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला यातले काय कळते? त्याला रंग कळतो, चव कळते, आणि आजीच्या शेजारी बसून हात बरबटवायला मिळाले की तो दिवस लक्षात राहतो. संविधानाची ओळख तिथून सुरू करायला काहीच हरकत नाही.

शिवाय खाण्याचा आणि संविधानाचा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. लोकांच्या पोषणाचा दर्जा उंचावणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे ४७ वे कलम सांगते. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते, की २६ जानेवारीपासून राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील. ती विषमता आज कुठे दिसते, असे कोणी विचारले तर आम्ही मुलाची खालची पापणी हलकेच ओढून पाहायला सांगू. आतली बाजू लालसर असायला हवी. ती फिकट, पांढुरकी दिसली तर रक्त कमी असल्याची शंका घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. म्हणजे प्रभातफेरीत झेंडा घेऊन चालणाऱ्या तीन चिमुकल्यांपैकी दोघांना. ज्या दिवशी मुलाच्या हातात काहीतरी खायला द्यायचेच आहे, त्या दिवशी ते रंगवलेली साखर कशाला असावे?

विकतचा केशरी

आपल्याकडे २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला जिलेबीचे स्टॉल लागतात. जिलेबी खाऊच नका, असे आम्ही म्हणणार नाही. वर्षातून दोनदा कढईतली गरम जिलेबी खाल्ली म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. पाहायचे ते रंगाकडे. कायद्याने खाण्यात वापरायला आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि मिठाईत त्यांचे प्रमाण किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. आता रस्त्यावर चिमटीने रंग टाकणारा माणूस मिलिग्रॅम कशाने मोजणार? त्यापेक्षा वाईट म्हणजे परवानगी नसलेले, कापड आणि कागद रंगवायचे रंग. सुट्या मिठाईत पिवळ्या-केशरी रंगासाठी मेटॅनिल यलो वापरल्याचे वारंवार सापडले आहे. गुलाबी बुढ्ढी के बालमध्ये रोडामाईन बी सापडल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुद्दुचेरी आणि तमिळनाडूने त्याच्या विक्रीवर बंदी घातली. चांगला रंग कोणता आणि वाईट कोणता, हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. म्हणून भडक रंगाचा सुटा खाऊ लहान मुलांसाठी घेऊ नये, हाच खात्रीचा मार्ग आहे. जिलेबी घ्यायचीच तर बिनरंगाची, फिकट बदामी दिसणारी मागा. दहा जणांनी मागितली तर अकराव्या वेळी हलवाई आपणहून ठेवील.

तव्यावरचे तीन रंग

आता घरचे. आम्ही मुद्दाम असे पदार्थ निवडले आहेत, ज्यांना ओव्हन, साचा, इडलीपात्र काही लागत नाही. एक तवा, एक पातेले एवढ्यात भागते.

पहिले धिरडे. केशरी धिरड्यासाठी एक वाटी मसूर डाळ दोन तास भिजवा. पाणी काढून तिच्यात एक गाजर, अर्धा टोमॅटो, चिमूटभर जिरे आणि मीठ घालून वाटा. पांढऱ्यासाठी एक वाटी तांदळाचे पीठ, दोन चमचे दही, मीठ आणि घावनासारखे पातळ होईल इतके पाणी. हिरव्यासाठी रात्री भिजवलेले हिरवे मूग एक वाटी, त्यात ओंजळभर पालक, थोडे आले. पालक नसेल तर मेथी किंवा शेवग्याचा कोवळा पाला चालतो. शेवगा तर कितीतरी वस्त्यांत नुसता उभा असतो आणि आपण फक्त शेंगा काढतो. मिक्सर नसेल तर पाटा आहे. तोही नसेल तर बेसनात किसलेले गाजर आणि बेसनात बारीक चिरलेला पालक, असे दोन घोळ करा. लहान लहान, पुरीएवढी धिरडी काढून ताटात वरून खाली केशरी, पांढरे, हिरवे अशी मांडा. हा केशरी दुकानातल्यासारखा लखलखीत येणार नाही, थोडा विटकरी येईल. मुलांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे नाराज होत नाहीत.

तवा लोखंडी असेल तर उत्तम. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या अन्नात थोडे लोह उतरते, टोमॅटोसारखे आंबट घातले तर जास्त उतरते. नॉनस्टिक घ्यायला परवडत नाही म्हणून वाईट वाटून घेणाऱ्या सुनांनी सासूचा जुना तवा खाली काढावा.

मुलांना काम काय द्यायचे? तीन वर्षांच्या मुलाला पालक धुऊन पाने तोडायला बसवा. पाच वर्षांचे मूल घोळ ढवळते, मीठ घालते. सात-आठ वर्षांचे गाजर किसू शकते, पण शेवटचा तुकडा तुम्ही किसा, कारण बोट तिथेच कापते. विस्तवापाशी फक्त मोठ्यांनी जावे. आणि हे काम मुलीला देऊन मुलाला खेळायला सोडू नये. समता शिकवायची तर या दिवसापेक्षा चांगला दिवस कुठला? ज्या मुलाने भाजी स्वतः तोडली, ते मूल ती भाजी तोंडात घालून तरी पाहते, हे आयांना माहीत आहे.

ज्यांच्या घरी अंडे चालते, त्यांच्यासाठी याहून सोपा तिरंगा नाही. उकडलेले अंडे उभे कापा. एका बाजूला किसलेले गाजर लिंबू पिळून, दुसऱ्या बाजूला कोथिंबीर-पुदिन्याची कमी तिखट चटणी, मध्ये पांढरे अंडे. दोन अंड्यांत चार होड्या होतात आणि मुले त्या एका घासात संपवतात. अंड्याइतके चांगले प्रथिन एवढ्या कमी पैशांत दुसरे मिळणे कठीण. राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले होते, त्याचा निधी जानेवारी २०२५ मध्ये बंद केला. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय विचारावा. तोवर घरी तरी अंडे थांबू नये.

मोड आलेल्या मुगांची भेळ करायची तर तयारी २४ तारखेला करावी लागते. सकाळी मूग भिजत घाला, रात्री ओल्या फडक्यात बांधा. २५ ला दिवसभर मुले चार वेळा फडके उघडून पाहतील, पाहू द्या. थंडीत मोड उशिरा येतात, म्हणून पुरचुंडी चुलीच्या किंवा शेगडीच्या उबेला ठेवा. २६ ला सकाळी मोड वाफवून त्यात किसलेले गाजर, किसलेला मुळा किंवा खोबरे आणि भरपूर कोथिंबीर. कच्चे मोड लहानांना देऊ नका, पोट बिघडते. वाफवलेले चांगले.

या सगळ्यावर लिंबू पिळायला विसरू नका. डाळी, पालेभाज्या, पोहे यांतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. क जीवनसत्त्व सोबत असले तर ते बरेच जास्त घेतले जाते. जानेवारीत आवळाही स्वस्त असतो, त्याच्या दोन फोडी मीठ लावून दिल्या तरी काम होते. आणि जे काम लिंबू करते, नेमके त्याच्या उलट काम चहा करतो. आपल्या कितीतरी घरांत लहान मुलांचा सकाळचा नाश्ता म्हणजे कपभर चहा आणि त्यात बुडवलेली खारी किंवा बिस्किटे. चहाने भूक मरते आणि जेवणातले लोह अंगी लागत नाही. मुलांचा चहा बंदच करता आला तर फारच बरे. जमत नसेल तर जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी देऊ नका. २६ जानेवारीच्या सकाळी मुले उपाशीपोटी शाळेत जातात, भाषणे लांबतात, उन्हात उभे राहून एखाद्याला घेरी येते. निघताना एक केळे किंवा पोळीचा गूळ घालून केलेला रोल हातात द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.

तिळाचे आणि शेंगदाण्याचे लाडूही या दिवसांत होतात. गुळामुळे रक्त वाढते असे सरसकट म्हटले जाते. गुळात लोह असते, पण लाडवाएवढ्या गुळाने रक्तक्षय भरून निघत नाही. खरे बळ तिळाचे आणि दाण्यांचे. मात्र पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी दाणे भाजून बारीक कूट करूनच लाडू वळा. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, अख्खे द्राक्ष, मक्याच्या लाह्या या वयात घशात अडकतात, त्यातही मूल पळत असेल, हसत असेल तर जास्तच. मिरवणुकीत खाऊ वाटणाऱ्या मंडळांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. एक वर्षावरच्या मुलाच्या घशात काही अडकले, त्याला खोकता-बोलता येईना, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने जोराने पाच थापा मारा. निघाले नाही तर मागे बसून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्या, पुन्हा थापा, पुन्हा झटके. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ ला फोन लावावा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटका द्यायचा नाही. त्याला हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर पाच थापा आणि मग उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. दिसत नसलेली वस्तू बोट घालून शोधू नका, ती आणखी आत जाते.

पापणी फिकट दिसलेल्या मुलांना मात्र नुसत्या खाण्यावर ठेवू नका. आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडे सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लोहाचे सिरप असते, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी. शी काळी होते, त्याला घाबरायचे कारण नाही. जंताच्या गोळीचा राष्ट्रीय दिवस १० फेब्रुवारीला असतो, आपल्या भागातली तारीख ताईंना विचारून ठेवा, कारण पोटात जंत असतील तर खाल्लेले अंगी लागत नाही. विदर्भातल्या वाचकांना आणखी एक सांगणे. आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. मूल फिकट असेल, डोळे पिवळे होत असतील, हातपाय सुजून दुखत असतील तर लोहाचे औषध आपल्या मनाने सुरू करू नका. आधी सरकारी दवाखान्यात सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्या.

पुठ्ठा, खळ आणि हळद

खाऊ होईपर्यंत मुलांना गुंतवायला जे काम द्यायचे, त्यासाठी दुकानात जायची गरज नाही. संपलेल्या वह्यांचे पुठ्ठे, जुने कागद आणि चिकटवायला खळ. दोन चमचे मैदा किंवा कणीक कपभर पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळली की झाली. मुलाने बोट चाटले तरी काळजी नाही. ती दोन दिवस टिकते, मग आंबते.

केशरीसाठी हळद पाण्यात कालवा आणि त्यात चिमूट चिमूट खायचा सोडा टाका. पिवळा रंग डोळ्यांदेखत तांबूस केशरी होतो. त्यावर लिंबाचा थेंब पडला की पुन्हा पिवळा. मुले हे दहा वेळा करायला लावतात. काही जण सोड्याऐवजी चुना घालतात, तो लहानांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा करतो. हिरवा रंग पालक किंवा मेथीचा पाला कागदावर घासून येतो. निळ्यासाठी गोकर्णाची फुले मिळाली तर चुरडून लावा, नाहीतर शाळेचा निळा पेन आहेच. हे रंग काही दिवसांनी फिके पडतात. पडू देत. अंगावर जुना सदरा मात्र घाला, हळदीचा डाग निघत नाही. हेच रंग उरले तर मोठी मुले पंचरंगी धम्मध्वजही रंगवतील.

आमच्या मते सगळ्यांत चांगले काम चक्राचे. पातळ कागदावर ताटली ठेवून गोल आखा आणि कापा. गोल अर्धा दुमडा. त्या अर्ध्या गोलाच्या मध्यबिंदूपासून तीन सारख्या घड्या घाला. मग अर्धा, पुन्हा अर्धा. उघडले की मध्यापासून कडेपर्यंत चोवीस रेघा दिसतात. त्या निळ्याने गिरवायच्या आणि मोजायच्या. मोजणे चुकते, पुन्हा मोजायचे. शाळेत न जाणारे मूलही बारापर्यंत येते. हे करता करता मोठ्यांनी गोष्ट सांगावी. भगवान बुद्धांनी जिथे पहिला उपदेश केला, त्या सारनाथला सम्राट अशोकाने स्तंभ उभारला. त्यावरचे धम्मचक्र २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजात घेतले. ध्वज ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीत बाबासाहेब होते. आपल्या मुलांना चक्र झेंड्यावर रोज दिसते, पण ते कुठून आले हे शाळेत क्वचितच सांगितले जाते.

दुसरे काम हाताच्या पंजाचे. कागदावर मुलाचा पंजा ठेवून आखायचा. चार बोटांवर न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता आणि अंगठ्यावर मुलाचे नाव. ज्याला लिहिता येत नाही त्याला मोठ्या भावंडाने लिहून द्यावे. मग हाच पंजा हात धुण्याच्या खेळाला वापरा. मुलाच्या हाताला हळदीचे पाणी चोळा, वाळू द्या आणि अंघोळीच्या साबणाच्या वडीने धुवायला सांगा. साबण लागतो तिथे हळद लाल होते. बोटांच्या बेचक्यांत, नखांपाशी, अंगठ्याच्या मागे पिवळे राहिले तर तिथे साबण पोहोचलाच नाही. आपण मोठ्यांनीही करून पाहावे, अंगठा बहुतेकांचा राहतो. हा खेळ खाऊला बसण्याच्या आधी करा.

फुगे टाळता आले तर टाळा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुले तोंडात घालतात आणि तो घशाला चिकटून बसला तर काढणे फार अवघड जाते. वर उडणारा गॅसचा फुगा शेगडीजवळ आणू नका, काही फुगेवाले त्यात हायड्रोजन भरतात आणि तो पेट घेतो.

झेंडा करायचा असेल तर कागदाचाच, प्लॅस्टिकचा नको. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन असते, म्हणजे नऊ इंच लांब आणि सहा इंच रुंद, प्रत्येक पट्टा दोन इंचांचा. खाऊच्या ताटलीवर, रुमालावर, पिशवीवर झेंडा छापू किंवा चिकटवू नका, ध्वजसंहितेला ते मान्य नाही. ताटात तीन रंग असावेत, चक्रासकट झेंडा नसावा. कार्यक्रम संपल्यावर विहाराच्या दाराशी एक रिकामी पेटी ठेवा आणि मुलांनाच सांगा, की रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे वेचून त्यात टाकायचे. गटारातले मोठ्यांनी काढावेत. २७ तारखेला ते झेंडे कचऱ्यात न टाकता एका बाजूला, गर्दी न करता, नीट जाळून टाकावेत. वेचून आलेल्या मुलांचे हात पुन्हा साबणाने धुवायचे आहेत, अंगठ्यासकट.